न केल्याचा धोका

सुई बोटातून आरपार गेली तरी वहिनी ओरडली नाही. तिने मशीनचं चाक हाताने उलटं फिरवलं, सुई वर घेतली, बोट तोंडात धरलं आणि तसंच म्हणाली, "अगं, पाय पेडलवर होता माझा. मला कळलंच नाही."

समोरच्या टेबलाशी कापड कापत असलेल्या नणंदेने हातातलं कापड खाली ठेवलं. बोटात सुई जाणं या धंद्यात नवं नाही, पण पायाला पेडल कळू नये? ते तर आचाऱ्याला मीठ कळू नये तसं झालं.

या नणंदेला सगळे कात्री म्हणत. दुकानातलं कापायचं काम तिचं होतं आणि तोंडही त्याच कामाला लावलेलं असे. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. दोन मशिनी, कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक मशीन, पडदा लावलेला कपडे बदलायचा कोपरा आणि डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसेल असा आरसा. नवे कपडे शिवायला आता कोण येतं? लोक तयार कपडे घेतात, ते अंगाला बसत नाहीत आणि मग इथे घेऊन येतात. कुणाची कंबर आत घ्यायची, कुणाची सैल करायची, यावर दोघींचा आणि घराचा गाडा चालला होता.

वहिनी देहाने मोठी होती आणि तिला त्याची तिळमात्र लाज नव्हती. झगझगीत रंगाचे झगे घालायची, ते स्वतः शिवायची, आणि रस्त्याने निघाली की समोरची माणसं आपसूक वाट सोडायची. दुकानात आलेली एखादी बाई आरशासमोर कानकोंडी होऊन "फार सुटलेय हो मी" असं म्हणाली, की वहिनी गळ्यातला टेप काढत सांगे, "कपडा चुकलाय, तुम्ही नाही." मग ती बाई हमखास हसायची. कात्रीने हे वाक्य हजारदा ऐकलं असेल, पण दर वेळी तिला वहिनीचं कौतुकच वाटायचं.

पण साखर कौतुकाला भीक घालत नाही. घरच्या डॉक्टरांनी वहिनीच्या तळव्याला टाचणी टोचून पाहिली आणि मान हलवली. साखर पायाच्या शिरांपर्यंत पोचली होती. रक्तदाब होताच. झोपेत श्वास मधूनमधून थांबायचा, म्हणून तोंडावर मुखवटा लावून झोपावं लागे. गोळ्या वाढवून झाल्या, इन्सुलिन झालं, चालणं गुडघ्यांनी बंद पाडलं. डॉक्टरांनी शेवटी वजन कमी करायच्या ऑपरेशनचं नाव काढलं आणि एका सर्जनबाईंकडे पाठवलं.

"काही गरज नाही," कात्रीने दवाखान्याच्या पायरीवरच निकाल दिला.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "अजून मी माझ्या पोटाला विचारलेलं नाही, तुम्ही कुठे मध्ये?"

वहिनी एरवी तिला अगं-तुगं करायची. वन्सं म्हणाली म्हणजे विषय संपला.

कात्रीच्या हट्टाला कारण होतं. ती शाळेत होती तेव्हा तिची आई एका साध्यासुध्या ऑपरेशनसाठी आत गेली आणि बाहेर आली ती चादरीखाली. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. घरात पाऊल टाकून वर्ष न झालेल्या वहिनीने त्या दिवशी या पोरीला पोटाशी धरलं आणि नंतर कधी सोडलंच नाही. वेण्या घातल्या, पाढे घेतले, हातात कात्री दिली, आणि पुढे कात्रीने लग्न करायचं नाही म्हटल्यावर नातेवाइकांची तोंडंही बंद केली. कात्रीला जगात एकच माणूस गमवायचं नव्हतं आणि ते माणूस आता स्वतःहून त्या दाराकडे निघालं होतं.

सर्जनबाई वयाने कात्रीएवढ्याच, बारीक चणीच्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर जठर काढलं. "याचा मोठा भाग आम्ही कापून काढतो. उरतं त्याची अरुंद नळी होते, बाहीसारखी."

"म्हणजे आमच्याच धंद्यातल्या निघालात की!" वहिनी खूश झाली. "शिवता कशाने?"

"यंत्राने. बारीक पिना ओळीने बसत जातात."

"आणि शिवण सुटली तर?"

सर्जनबाईंचं पेन थांबलं. त्यांनी वहिनीकडे नीट पाहिलं. "सुटू शकते. शंभरात एखाद्याची. बहुतेक वरच्या टोकाला."

"आमचीही वरच सुटते, काखेत. मग काय करता?"

"पुन्हा आत जावं लागतं. धुवायचं, नळी ठेवायची, बरेच दिवस काढायचे. क्वचित जिवावर बेततं. हजारात एखादं माणूस जातंही."

"ऐकलंस?" कात्रीने वहिनीचा दंड दाबला.

"ऐकतेय म्हणून तर विचारतेय." वहिनीने दंड सोडवून घेतला. "कापलेलं परत लावता येतं?"

"नाही."

"पायाची जाणीव परत येईल?"

"गेलेली येईलच असं मी सांगणार नाही. आहे ती टिकायची शक्यता बरीच वाढेल. साखर पुष्कळ जणांची आटोक्यात येते, काहींची काही वर्षांनी परत वर जाते. वजनही थोडं परत येऊ शकतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर."

"आणि हे काहीच केलं नाही तर?"

सर्जनबाईंनी पेनला टोपण लावलं. "पाय, डोळे, मूत्रपिंड. कधी, ते सांगता येत नाही. न केल्याचाही धोका असतो. फक्त त्यासाठी कुणी तुमची सही घेत नाही."

परतताना वहिनी जठराच्या चित्राचा तो कागद पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती. कात्री मात्र वाटभर बोलत होती आणि आपण काय बोलतोय ते तिचं तिलाही धड ऐकू येत नव्हतं.

घरी दादाला सांगितलं. दादा बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. कुठलंही इंजिन उघडायला न कचरणारा हा गडी बायको इन्सुलिन टोचून घेऊ लागली की खिडकीबाहेर बघायचा. तो म्हणाला, "तू म्हणशील ते." मग बहिणीकडे बघून म्हणाला, "तू पण म्हणशील ते." आणि आंघोळीला गेला.

कात्रीने दुसऱ्या दिवशी दुकानात खटला उभा केला. असं ऑपरेशन कुणी केलं हे शेजाऱ्यांच्या आधी शिंप्याला कळतं, कारण कपडे दर महिन्याला आत घ्यावे लागतात. त्यांच्याकडे अशी तीन गिऱ्हाइकं होती. पहिला एक बसड्रायव्हर. त्याची पँट चारदा आत घेतली होती आणि दर वेळी तो कमरेत मूठ घालून गिरकी घेऊन दाखवायचा. त्याचं नाव कात्रीने सोयीस्करपणे घेतलंच नाही. दुसऱ्या, बँकेत काम करणाऱ्या एक बाई. त्यांचे कपडे वर्षभर आत घेतले आणि तीन वर्षांनी तेच उसवून पुन्हा सैल केले.

"आणि ही तिसरी." कात्रीने खुंटीवरून निळा कोट काढला आणि साक्षीदार आणावा तसा वहिनीसमोर धरला. "बालवाडीच्या बाई. दर महिन्याला यायच्या. हा कोट आत घेऊन तयार आहे, हिवाळा येऊन गेला, न्यायला आल्या नाहीत. फोन लागत नाही. आता एवढा चांगला कोट माणूस का सोडेल? तूच सांग."

वहिनीने कोट हातात घेतला, काख तपासली, बटणं लावली. "तुला वाटतं त्या गेल्या?"

"मला दुसरं काही सुचत नाही."

"मला पण नाही," वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. मग तिने कोटाची घडी घातली. "चल. गेल्या असतील तर त्यांच्या माणसांना कोट देऊ. आणि कशाने गेल्या ते विचारू."

हे मात्र कात्रीच्या डोक्यात नव्हतं. खुंटीवरचा कोट बघून वहिनी घाबरून गप्प बसेल असा तिचा अंदाज होता. इतकी वर्षं एका घरात काढूनही माणूस कळत नाही म्हणतात, ते हेच.

बालवाडी दोन गल्ल्या सोडून होती. भिंतीला बोटांच्या ठशांची झाडं, गुडघ्याएवढी टेबलं, त्याहून बुटक्या खुर्च्या. मुलं घरी गेली होती. खोलीच्या मधोमध एक बाई मांडी घालून ठोकळे गोळा करत होती. तिने वर पाहिलं. कात्रीने आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर तिच्या तोंडून निघालं, "अहो, तुम्ही जिवंत आहात?"

बालवाडीच्या बाई खो खो हसत सुटल्या. "अहो, लाजेने आले नाही! तुम्ही कोट आत घेऊन ठेवलात, तोवर तो मला पुन्हा मोठा झाला होता. मग वजन एका जागी थांबलं आणि मी तयार कपडेच घ्यायला लागले. नंबरही बदलला. म्हटलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

तयार कपडे! तेही दुरुस्तीवाचून अंगाला बसणारे! या धंद्यात याहून मोठी शिवी नाही, पण वहिनीने ती फुलासारखी झेलली. तिथल्या एकाही खुर्चीत तिला बसता येणार नव्हतं, म्हणून ती खिडकीच्या कठड्याला टेकली आणि म्हणाली, "मला करायचंय की नाही ते अजून ठरत नाही. चांगलं सगळे सांगतात. तुम्ही वाईट सांगा."

बाईंनी वाईट सांगितलं. केस मूठमूठ गळले. पित्ताशयात खडे झाले आणि त्याचं आणखी एक ऑपरेशन झालं. गोड खाल्लं की घाम फुटून छातीत धडधडायचं. दंडाची कातडी लोंबली ती लोंबलीच. जळजळ अजून होते. "आणि एक कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी जेवणासाठी रडले. भूक नव्हती, तरी रडले. कुणी जवळचं गेल्यासारखं. दिवसभर दमून आलं की ताट माझी वाट बघायचं. ते गेलं."

"मग पुन्हा कराल?"

बाईंनी हातातला ठोकळा डब्यात टाकला. "करेन. मी खाली बसू शकत नव्हते हो. मुलं खाली, मी वर. आता त्यांचे चेहरे दिसतात. पण तुम्ही माझ्या सांगण्यावरून करू नका."

"नाही करत," वहिनी म्हणाली. कोट तिने तिथेच ठेवला आणि तो पुन्हा आत घ्यायला आणा, असंही बजावलं.

त्यानंतर वहिनीने जे केलं ते फक्त तिलाच सुचू शकतं. कुठलाही महागाचा कपडा ती आधी कच्च्या टाक्यावर अंगाला लावून बघायची. तसंच तिने ऑपरेशननंतरचं जगणं आधी कच्च्या टाक्यावर घातलं. सर्जनबाईंच्या आहारतज्ज्ञांना विचारून घेऊन ती महिनाभर वाटीभरच जेवली. घास चघळून चघळून खायचा, जेवताना पाणी नाही, गोड नाही, गोळ्या वेळच्या वेळी. पहिल्या आठवड्यात ती इतकी करवादली की ओव्हरलॉक मशीनलासुद्धा बोल लागले. दुपारी चारला तिचा हात आपोआप खणातल्या बिस्किटांच्या डब्याकडे जायचा आणि तिथेच थबकायचा. कात्री बघायची आणि तिचा जीव तुटायचा. आपल्याला हे दोन दिवससुद्धा जमलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग? जमेल?" महिना संपल्यावर दादाने भीत भीत विचारलं.

"कच्च्या टाक्यावर तर बसतंय," वहिनी म्हणाली. "पाण्यात घातल्यावर आटेल का, ते कच्च्या टाक्यावर कळत नाही. तेवढी जोखीम राहणार." मग ती कात्रीकडे वळली. "मी करायचं ठरवलंय. बारीक दिसायला नाही. मला पेडल कळायला हवं, निदान आत्ता कळतंय तेवढं तरी. तुला राग येऊ दे. पण मला काही झालंच तर डॉक्टरांनी मारलं म्हणू नकोस, दादाला बोलू नकोस. वहिनी डोळे उघडे ठेवून गेली म्हण."

कात्रीने टेबलावरची चिंधी उचलली, तिचे चार तुकडे केले आणि ती रागाने म्हणाली, "म्हणेन." त्या घटकेला तिला वहिनीचा जितका राग आला होता तितकाच अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम गिळणं अवघड जात होतं.

ऑपरेशन सुरळीत झालं. वहिनी संध्याकाळी डोळे उघडून नर्सच्या युनिफॉर्मची बाही चुकलीय असं म्हणाली, तेव्हा दादा वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडला. दुसऱ्या दिवशी तिला चालवलं. चमच्या-चमच्याने पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा डावा खांदा दुखायला लागला. मग ताप चढला, नाडी धावायला लागली. तपासणीला नेलं, आणलं. सर्जनबाई आल्या त्या बसल्याच नाहीत.

"वरच्या टोकाला शिवण सुटलीय," त्या म्हणाल्या.

दादा खुर्चीत कोसळला. वहिनीचा चेहरा घामाने डबडबला होता, ओठ सुकले होते. तिने सगळं ऐकलं, मग कष्टाने मान वळवून कात्रीला शोधलं.

"मला आता विचार करवत नाही गं," ती पुटपुटली. "तू बघ. तू सांगशील ते."

इतक्या वर्षांत वहिनीने तिला दुकानातला रंगीत दोरासुद्धा स्वतः ठरवू दिला नव्हता, आणि आज हे. कात्रीच्या घशाशी एकच वाक्य आलं होतं, मी म्हटलं होतं, मी म्हटलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर ती जुनी चादर आली. सरळ नाही म्हणावं, दाराला पाठ लावून उभं राहावं, असं तिला वाटलं. पण वहिनीचा हात तिच्या हातात होता, तापलेला, आणि त्या हाताने महिनाभर बिस्किटांच्या डब्याशी केलेली झटापट तिने पाहिली होती. घाबरून ठरवायचं असतं तर वहिनीने केव्हाच ठरवलं असतं.

"पुन्हा आत जाऊन काय करणार?" कात्रीने विचारलं.

"धुणार. सुटलंय तिथे टाके धरतात का बघणार. धरले नाहीत तर नळी ठेवून घाण बाहेर काढणार आणि जखम आपली आपण भरायला वेळ देणार."

"भूल सोसेल तिला?"

"सोसेल असं मला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वाटतं. खात्री देत नाही."

"थांबून बघितलं तर? नुसती औषधं?"

"काही जणांना तेवढ्याने भागतं. यांची नाडी दर तासाला वाढतेय. मी थांबले आणि विष रक्तात पसरलं, तर उद्या त्या भूल सोसण्याच्या स्थितीत नसतील."

"तुमची बहीण असती तर?"

"आत्ता नेली असती."

कात्रीने दादाकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली. मग ती वहिनीच्या कानाशी वाकली. "वहिनी, मी सगळं विचारलंय. जा. मी दारातच आहे."

वहिनीने डोळे मिटले आणि तिला नेलं. दार बंद झालं. कात्री खरंच दारात उभी राहिली. दोघा-तिघांनी बाजूला बसायला सांगितलं, पण ती हलली नाही. तिच्या मनात सारखं येत होतं की आपण तिला आत ढकललं. सर्जनबाई बाहेर येईपर्यंत तिने ते तसंच सहन केलं.

टाके धरले होते. तरी खबरदारी म्हणून नळी ठेवावी लागली होती. पुढचे काही आठवडे अवघड जाणार होते, आणि ते गेलेही. शिरेतून अन्न, पुन्हा ताप, पुन्हा तपासण्या, दादाची दाढी वाढलेली, दुकानाला कुलूप. पण ते सगळं नंतर.

त्या संध्याकाळी वहिनी शुद्धीवर आली तेव्हा उशाशी कात्री होती.

"तूच सांगितलंस ना, जा म्हणून?"

"हो."

"घाबरली नाहीस?"

"मेले होते भीतीने," कात्री म्हणाली, आणि इतका वेळ धरलेलं रडू तिला एकदम फुटलं. "दार धरून उभी होते मी. तुझ्यासारखं न घाबरता ठरवायला मी काय तू आहे?"

वहिनीने नळ्या लावलेला हात जेमतेम उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"वेडे," ती म्हणाली, "मी तरी कुठे न घाबरता ठरवलं होतं?"